उणे चाळीसचं कपाट

५ जानेवारी, रविवार

वसमतच्या फर्निचरच्या दुकानात आज भांडण झालं. चूक माझी नव्हती. सुकन्याच्या लग्नात द्यायचं लोखंडी कपाट बघायला बायको, कौशल्या, मला ओढून घेऊन गेली. दुकानदार म्हणाला, "काका, एकदम हेवी माल. हत्ती टेकला तरी काई होत न्हाई." मी दाराच्या मधोमध नुसता अंगठा दाबला. पत्रा टँक् करून आत गेला आणि पुन्हा बाहेर यायचं नावच घेईना. दुकानदार म्हणे भरपाई द्या. म्हटलं, पापड मोडला म्हणून भरपाई मागतो काय रे? शेवटी कौशल्यानं मध्ये पडून मिटवलं. वसमतपासून कुरुंद्यापर्यंत ती एस.टी.त माझ्याशी एक शब्द बोलली नाही. खिडकी मात्र माझ्याच अंगावर उघडी ठेवली.

आख्खी नोकरी माझी जहाजाच्या कारखान्यात गेली. तिकडं समुद्राकाठी, घरापासून दूर. जहाजाला लागणारी एकेक पोलादी प्लेट हा तातेराव ठोकून, शिक्का वाचून आत घ्यायचा. आणि माझ्या एकुलत्या एका पोरीला मी पापडाचं कपाट देऊ? लोक शेण घालतील तोंडात.

ठरलं म्हणजे ठरलं. कपाट मी बनवणार. जहाजाच्या प्लेटचं. पोरीच्या घरात माझ्या हातची एक तरी वस्तू उभी पाहिजे. लग्न वीस फेब्रुवारीला आहे, वेळ भरपूर आहे. आजपासून सगळी नोंद या डायरीत करतो, कारण घरात माझं कोणी ऐकत नाही.

७ जानेवारी

जेवताना दोघींना ग्रेड समजावून सांगितली. जास्त ताकदीच्या पोलादात बत्तीस आणि छत्तीस असे दोन आकडे. छत्तीस जास्त दणकट, म्हणून बत्तीस बाद. आता छत्तीसमध्ये पुन्हा ए, डी आणि ई. तिघांची ताकद सारखीच, फरक थंडीचा. फार थंडीत पोलाद काचेसारखं तडकतं. ए ग्रेड शून्य अंशाला ठोकून बघितलेली असते, डी उणे वीसला, ई उणे चाळीसला.

कौशल्या म्हणाली, "त्यात लुगडी ठेवायची हायत का बर्फ?"

सुकन्या म्हणाली, "बाबा, तिकडं सासरी कनेरगाव नाक्याला मे महिन्यात पंचेचाळीस असतंय. उणे चाळीस कुठून आणायचं?"

मी म्हणालो, "हवामानाचं आजकाल काही सांगता येत नाही."

दोघी इतक्या हसल्या की सुकन्याला उचकी लागली. हसली की तिला लागतेच. पाणी मीच दिलं. निवृत्त होऊन घरी आलो तेव्हापासून हे एक काम माझ्याकडं आहे. कनेरगावला तिला उचकी लागली तर... जाऊ दे. यार्डातल्या जुन्या दोस्ताला फोन केला. तिन्ही ग्रेडचे हातभर तुकडे नमुन्याला पाठवतो म्हणाला. निवडलं की प्लेटा मागवायच्या.

१४ जानेवारी, संक्रांत

तुकडे आले! मुंबईला हळद सोडून परत येणाऱ्या ट्रकमध्ये बसून आले. खडूनं ए, डी, ई लिहून अंगणात मांडले आणि जरा आंघोळीला गेलो. तेवढ्यात हळदीकुंकवाच्या बायका आल्या आणि कौशल्यानं डीवर तिळगुळाचं ताट ठेवलं. मी ओरडलो. ती म्हणाली, "लोखंडच हाय न्हवं?"

लोखंड! माणसाला कोणी नुसतं 'मांस' म्हणतं का?

१६ जानेवारी

आज सकाळी चूल बघतो तर डी चुलीवर. वर ज्वारीची भाकर टम्म फुगलेली. मी डोक्याला हात लावला. कौशल्या म्हणाली, "चिडू नका. काल तिन्हींवर करून पाह्यली. एवर करपती, ईवर कच्ची ऱ्हाती. डीवर बराबर होती. डी घ्या."

मी तिला सांगितलं की तिघांचं मूळ पोलाद जवळजवळ एकच असतं, भाकरीला काही फरक पडत नाही, जाळ कमीजास्त झाला असेल. "तुमी भाकरी कधी केल्या?" म्हणाली. यावर मुद्दा संपला. भाकर मात्र खरंच चांगली होती. दोन जास्तीच्या खाल्ल्या.

१९ जानेवारी

शास्त्रीय तपासणी झाली. आपल्या गावात रामप्रसाद म्हणून जाणता माणूस आहे, म्हशींना कृत्रिम रेतन करतो. त्याच्याकडं नायट्रोजनचा डबा असतो, त्यात रेड्याचं बीज गोठवून ठेवलेलं. आत उणे एकशे शहाण्णव! मला हे कळल्यापासून चैन नव्हती. तिन्ही ग्रेडच्या बोटभर पट्ट्या कापल्या, मधोमध खाच पाडली आणि त्याच्या दारात जाऊन बसलो.

रामप्रसाद तयारच होईना. "काका, आत मुऱ्हा रेडा हाय. उद्या रेडकू लोखंडाचं निघालं तर लोकं मला हानतीन."

शेवटी सुकन्यानं त्याची समजूत घातली. ती मेडिकलवर कामाला आहे, तिचं लोक ऐकतात. थोडा नायट्रोजन त्यानं थर्मासमध्ये ओतून दिला. पट्ट्या बुडवल्या, धूर निघाला, अर्धं कुरुंदा गोळा झालं. पकडीत धरून घण मारला. ए तुटला. लोक म्हणाले, वा! डी तुटला. लोक म्हणाले, वा वा! मग मी ई लावला, घण उचलला आणि मनात म्हटलं, बाबा रे, इज्जत राख.

ई पण तुटला.

त्यालाही लोकांची तीच टाळी पडली. मला फार लागलं. सुकन्या म्हणाली, "बाबा, उणे एकशे शहाण्णवला आपुन सगळेच तुटू. तो चाळीसलाच पास हाय." बरोबर आहे तिचं. शिवाय तुटताना ईचा आवाज वेगळा आला. खानदानी. ए आणि डीचा तसा नव्हता. ई पक्का केला.

परत येताना सुकन्या थर्मास घेऊन माझ्या पुढं चालत होती. आमच्याकडं सध्या घरोघर हळद शिजते, त्या वाफेनं डोळ्यांत पाणी येतं.

३१ जानेवारी

प्लेटा आल्या. आठ मिलिमीटर जाडीच्या, अस्सल ई छत्तीस, प्रत्येकीवर शिक्का. हमालांनी बघितलं, हात लावला आणि बिड्या पेटवल्या. शेवटी हळदीच्या कढया उचलायची साखळी लावून उतरवल्या.

वेल्डिंगला मसाजी आहे, गावात ट्रॉल्या बनवतो. आठ मिलिमीटरचं कपाट म्हटल्यावर त्यानं हातातला टेप खाली ठेवला. मग म्हणाला, "तात्या, पोरगी सासरी चालली का लढाईला?"

म्हटलं तू कांड्या पेटव. या पोलादाला वेल्डिंगच्या कांड्या कोरड्याठाक लागतात, आधी भाजून घ्याव्या लागतात. म्हणून घरी तव्यावर भाजायला ठेवल्या. कौशल्यानं भाकरी थापून वळून बघितलं तर तव्यावर कांड्या. आज दुपारी मी मसाजीच्या घरी जेवलो.

४ फेब्रुवारी

संकट! व्याही रागावलेत.

माणिकराव म्हणजे कनेरगाव नाक्याचे आमचे व्याही. धाबा आहे, माणूस दिलदार, पण मान जपणारा. लग्नात मांडवात माइकवरून आंदणाच्या वस्तू वाचून दाखवतात, म्हणून त्यांनी मला फोनवर विचारलं, काय काय वाचायचं. मी अभिमानानं सांगितलं, "लिहून घ्या, ई ग्रेडचं कपाट."

मग म्हणाले, "ई? ए न्हाई?"

"ए पण असतं. पण तुमच्यासाठी खास ई घेतलंय."

"म्हंजे ए, बी, सी, डी सोडून आमच्या वाट्याला ई? तातेराव, माझा शिवहार पयल्या नंबरात फार्मसी पास झाला. भर मांडवात माइकवर आमाला नापासाचं कपाट देता व्हय?" फोन ठेवला.

मी उलटा फोन लावला, उचलला नाही. कौशल्या रडायला बसली. म्हणाली, "त्या कपाटापायी लेकराचं लगीन मोडन. मोडायचंच हाय काय तुमाला?"

मला राग आला. मी कशाला मोडू? बापाला काय पोरीचं लग्न मोडावं वाटतं? विचारायची काही पद्धत असते. उठून मसाजीकडं गेलो आणि उगाच घण मारत बसलो.

६ फेब्रुवारी

सुकन्या स्वतः गेली कनेरगावला. लग्नाआधी नवरीनं सासरी जायचं नसतं, कौशल्यानं आकांत केला, पण पोरगी मैत्रिणीच्या स्कुटीवर बसून गेलीसुद्धा. धाब्यावरच गाठलं म्हणे माणिकरावांना. काय सांगितलं, तर: "काका, ए म्हंजे सोप्पा पेपर पास झाल्यालं. डी म्हंजे अवघड पेपर पास. आन् ई म्हंजे सगळ्यात अवघड पेपर लिवून पास."

माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत एकाही साहेबाला इतकं साधं सांगता आलं नाही.

संध्याकाळी माणिकरावांचा फोन. आवाज एकदम खणखणीत. "व्याही, माफी असावी. ई म्हंजे ई! माइकवर तीनदा वाचतो." मग म्हणाले, "येक इचारू? ईच्या म्होरं एफ असतंय का?"

असतं. उणे साठ. खोटं कसं बोलू?

"मग एफ काहून न्हाई घेतलं?"

१० फेब्रुवारी

एफचा विचार डोक्यातून जात नाही. सकाळी कौशल्याला म्हटलं, मागवू का, लग्न जरा पुढं ढकलू. तिनं लाटणं हातात घेतलं. नाही मागवत.

१३ फेब्रुवारी

कपाट झालं. आपल्याच पडवीत बांधलं, सावलीला. सहा फूट उंच, चार कप्पे, आत चोरखण, दाराला जहाजाच्या दारासारखी कडी. ती कडी आतून पण बसते का बघायला मी आत शिरलो, दार ओढून घेतलं. बसली. उघडली नाही.

ओरडलो. आठ मिलिमीटरच्या आतून आवाज बाहेर जात नाही, हे कपाटाच्या बाजूनं चांगलंच आहे. कौशल्या रानात हळद काढायला, मसाजी जेवायला. मी सगळ्यात खालच्या कप्प्यात पाय दुमडून बसलो. गार होतं, अंधार होता. खरं सांगतो, बरं वाटलं. वाटलं, आपण पण आंदणात जावं.

सुकन्यानं शोधून काढलं. दार उघडलं आणि मला तसं बघून हसायला लागली. हसून हसून उचकी लागली, मी आतूनच म्हणालो पाणी पी. तर ती एकदम थांबली आणि रडायला लागली. मी म्हणालो, "अगं, मी ठीक आहे, हवा होती आत." ती मान हलवत मेडिकलवर निघून गेली. बहुतेक घाबरली असेल.

१५ फेब्रुवारी

मसाजीनं टेपनं मोजलं. कपाट पडवीच्या दारातून जात नाही. आडवं जात नाही, तिरकं जात नाही.

सुकन्या म्हणाली, "बाबा, जहाज तुमी पाण्याच्या काठाला बांधता ना? मग हे घरात काहून बांधलं?"

यार्डात कोणी असं केलं असतं तर मी त्याला दिवसभर फैलावर घेतलं असतं. दार कितीचं आहे हे मला माहीत होतं. कसं विसरलो कोण जाणे.

कौशल्या म्हणाली, "ऱ्हाऊ द्या इथंच." पण नाही. पोरीच्या घरी माझ्या हातची वस्तू पाहिजे म्हणजे पाहिजे. पडवीची भिंत पाडली. लग्नाच्या आधी पाच दिवस घराची भिंत पाडणारा नवरीचा बाप गावानं पहिल्यांदा बघितला, बघायला रांग लागली.

२० फेब्रुवारी

लग्न लागलं. माइकवर माणिकरावांनी चारदा वाचायला लावलं, "ई ग्रेड, ई म्हंजे सगळ्यात अवघड पेपर." लोकांनी टाळ्या वाजवल्या. जेसीबीनं कपाट ट्रॉलीत चढवलं. सहा क्विंटलच्या आतबाहेर भरलं.

पाठवणीच्या वेळी सगळे रडत होते. मी ट्रॉलीची साखळी तपासत होतो. साखळी नीट नसली तर वळणावर घोळ होतो. सुकन्या शोधत आली तेव्हा मी ट्रॉलीखाली होतो. ती खाली वाकली, म्हणाली, "बाबा, बाहेर या." मी म्हणालो, "एक कडी राहिली गं." ती मांडीवर शालू सावरत तिथंच धुळीत बसली माझ्याशेजारी. मग तिला नेलं.

साखळी मजबूत होती.

२१ फेब्रुवारी

घरात फार आवाज येतो. पडवीला भिंत नाही म्हणून असेल.

२ मार्च, रविवार

सुकन्याचा फोन आला. "बाबा, कपाटाला खाली एका कोपऱ्याला गंज दिसून राहिला."

मी जेवणावरून उठलो. एस.टी.नं हिंगोली, तिथून वाशिमची गाडी. कपाट बघितलं. त्यांच्या बैठकीतच ठेवलंय, तिच्या पुढं जाईना आणि तिथल्या दोन फरश्या फुटल्या, पण विहीणबाई काही बोलल्या नाहीत, वर गणपती मांडलाय त्यांनी. ट्रॉलीच्या साखळीनं रंग खरवडला होता, तिथं गंज. घासून रंग लावला. मग सुकन्याला नीट समजावलं, की पोलादाचा खरा दुश्मन मीठ. रंग उडालेल्या जागी मिठाचं पाणी लागलं की कितीही भारी ग्रेड असू दे, आठवड्यात गंज धरतो.

तिनं फार लक्ष देऊन ऐकलं. "किती मीठ लागतं बाबा?" असं पण विचारलं. लहानपणी तिला शिकवायला मी नव्हतो. आज शिकवलं. चहा दोनदा झाला, जेवूनच सोडलं.

९ मार्च, रविवार

पुन्हा फोन. पुन्हा गंज. त्याच कोपऱ्याला! मी लावलेला रंग खिळ्यानं खरवडल्यासारखा निघालेला. मी म्हटलं उंदीर असतील. शिवहार, म्हणजे जावई, म्हणाला, "असतीन बाबा, इकडचे उंदीर भारी हायत." घासलं, रंगवलं, जेवलो. सुकन्या जराशी भरली आहे अंगानं. चांगलं वाटलं.

१६ मार्च, रविवार

तेच. आता मी हैराण झालो. कोपऱ्याला पांढरे कण दिसले, भिंतीचा चुना झडत असणार. विहीणबाईंना विचारलं, इथं ओल येते का? त्या तोंडाला पदर लावून आत गेल्या. आतून हसण्याचा आवाज आला, सुकन्याला उचकी लागली. मी उठून पाणी दिलं.

माणिकराव म्हणाले, "एफ घेतलं असतं तर हे झालं नसतं."

२३ मार्च, रविवार

आज पक्का बंदोबस्त करायला जहाजाचा रंग घेऊन गेलो, यार्डातून मागवलेला. एक हात मारला की दहा वर्षं गंजाची बात नको. डबा उघडणार तर सुकन्यानं हातच धरला. "नको बाबा. त्याचा वास मला सोसत न्हाई सध्या." विहीणबाई पण म्हणाल्या, सध्या नको. मग जावई म्हणाला, सध्या नको. सगळ्यांनी 'सध्या' का म्हटलं, कळलं नाही. कौशल्याला घरी येऊन सांगितलं तर तिनं देवाला साखर ठेवली आणि मला म्हणाली, "तुमाला कवा कळायचं ते कळू द्या."

साधाच रंग लावून आलो. तो आठवडाभर टिकतो.

३० मार्च, रविवार, पाडवा

सकाळी सुकन्याचा फोन आईला. माझ्याशी गंजाचं बोलली, आईशी बाकीचं. मी पिशवी भरत होतो, ब्रश, घासायचा कागद, रंग. कौशल्या म्हणाली, "येताना दोन किलो खडे मीठ आणा म्हणली सुकन्या. घरातलं संपलं म्हणं."

कनेरगाव नाक्याला मीठ मिळत नाही की काय? एवढा धाबा आहे घरचा. मी कौशल्याकडं बघितलं. ती गुढीला गाठी बांधत होती, माझ्याकडं बघेना.

स्टँडवर जाताना दुकानात थांबलो. दुकानदारानं दोन किलो तोलायला घेतलं. म्हटलं, दोन नको, पाच दे. उन्हाळा मोठा आहे, मध्येच संपायला नको.